देवासच्या गिटारीची जव्हारी

ती गिटार मी बिघडवली. उन्हाने नाही, मी. एवढं एक वाक्य योग्य माणसांसमोर उच्चारायला मला तीसएक वर्षं लागली, आणि त्यासाठी मिरजेहून देवासला आणि देवासहून धारला जावं लागलं. प्रवास सुखाचा झाला, खाणंपिणं उत्तम झालं, आणि ज्यासाठी गेलो होतो ते अपेक्षेपेक्षा मोठं पदरात पडलं. तरी सुरुवात त्या वाक्यापासूनच करतो. नाहीतर पुढे माझं जे कौतुक झालं ते वाचणाऱ्याला खरं वाटेल.

वडिलांची बदली झाली म्हणून विशीत मी दोन वर्षं देवासला होतो. जाताना एक कॅसेट नेली होती. जहाजावर नोकरीला असलेल्या मामाने आणलेली, ब्लूजची. अमेरिकेत कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या माणसांचं ते गाणं. त्यात एक आंधळा म्हातारा अर्धी ओळ गायचा, गप्प व्हायचा आणि तारांवरून काचेची नळी घसरवत न्यायचा. उरलेली ओळ गिटार पुरी करायची. तो ज्या गंधारावर थांबायचा तो ना कोमल, ना शुद्ध. दोघांच्या मधल्या बोळात तो उभा असायचा. मला शब्द निम्मेही कळत नव्हते, पण त्या बोळातून मी आजवर बाहेर आलेलो नाही. पन्नाशी उलटली तरी दाढी करताना तेच गुणगुणतो. बायको विचारते, "गाताय की रडताय?" मी म्हणतो, "दोन्ही."

देवासला शेजारी यशवंत शिर्के राहायचा, माझ्याच वयाचा. त्याचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून आले ते तिथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि मळ्यात माळवी. त्याचे वडील, अण्णा, दिवसा कारखान्यात सुतारकाम करायचे आणि संध्याकाळी मंडळीत तंबुरा घेऊन निर्गुणी भजनं गायचे. मी त्यांना ती कॅसेट ऐकवली. डोळे मिटून त्यांनी सगळी बाजू ऐकली आणि म्हणाले, "हा कुणाचा चेला रे? आपलंच निर्गुण गाऊन राहिलाय."

मग त्यांनी जे केलं ते मी जगात दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. यशवंतकडे एक जुनी गिटार होती. तारा जिथे टेकतात तिथली बारीक पट्टी काढून अण्णांनी हाडाची रुंद घोडी बसवली, तंबुऱ्याला असते तशी. तिच्या माथ्यावर कानशीने जव्हारी धरली. जव्हारी म्हणजे केसाएवढा उतार. तार त्याला निसटता स्पर्श करते आणि साधा टणत्कार न होता आवाज मधमाश्यांसारखा गुंजत राहतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवला. यशवंत सायकलच्या हँडलच्या नळीचा तुकडा बोटात घालून वाजवायचा आणि त्याची मोठी बहीण शालूजीजी गायची. माळव्यातला तंबुरा आणि तो आंधळा म्हातारा एकाच ओसरीवर बसल्यासारखं वाटायचं.

अण्णा गेले. त्यांच्या वर्षश्राद्धासाठी यशवंत नेमावरला, नर्मदेवर गेला होता. त्या वेळी मी नुकतंच गिटार शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं होतं. त्यात छापलं होतं की तार झणझणली तर तो वाद्याचा दोष समजावा. मी पुस्तकावर विश्वास ठेवला. यशवंत परत येईल तेव्हा त्याला चकित करावं म्हणून घरात कुणी नसताना माडीवर गेलो, तारा सैल केल्या आणि अण्णांची जव्हारी घासून सपाट केली. दोरा पुन्हा जागच्या जागी लावला. आवाज स्वच्छ झाला. स्वच्छ आणि मेलेला. ते मला त्याच क्षणी कळलं, पण घासलेलं हाड परत उगवत नाही.

दुसऱ्या दिवशी शालूजीजीने माडी झाडायला काढली. गिटार अंगणात ठेवली आणि विसरली. वैशाखाचं ऊन दुपारभर तिच्यावर होतं. संध्याकाळी यशवंत आला, गिटार उचलून एक तार छेडली आणि नुसता बघत राहिला. जव्हारी डोळ्यांना दिसत नाही. तिचं असणं-नसणं फक्त कानाला कळतं. जीजी रडायला लागली, "माझ्याकडूनच उन्हात राहिली." यशवंत एवढंच म्हणाला, "अण्णांचा आवाज होता तो." मी तिथे बसून चहा पीत होतो. मी काही बोललो नाही. महिन्याभरात वडिलांची पुन्हा बदली झाली आणि आम्ही देवास सोडलं.

पुढे मी मिरजेत स्थायिक झालो. आमच्याकडे सतारमेकरांची गल्ली आहे. रविवारी तिथे जाऊन बसायला लागलो, आधी नुसता बघायला, मग कानस हातात घेऊन. माझ्या हाताने किती तंबुरे आधी बिघडले आणि मग बोलू लागले याचा हिशेब नाही. लोक म्हणायचे, साखर कारखान्यातला इंजिनियर हौशी आहे. हौस कसली? मला एकच घोडी परत करायची होती.

देवास

गेल्या हिवाळ्यात फोनवर एक भजनाचा व्हिडिओ समोर आला. देवासचं कुठलं तरी घर, तंबुरा, करताल, आणि मागच्या भिंतीवर खुंटीला टांगलेली ती गिटार. व्हिडिओ टाकणारी मुग्धा शिर्के यशवंतची मुलगी निघाली. मी तिच्याकडे मराठीत विचारपूस केली, उत्तर हिंदीत आलं: "पापा कह रहे हैं, फोन-वोन नहीं, सीधे आ जाओ."

माघ संपत आला होता. इंदूरहून देवासकडे जाताना दोन्ही बाजूंना गहू पोपटी-पिवळा झालेला, मध्ये लसणाचे वाफे, लांबच्या टेकड्यांवर पवनचक्क्या. माती आमच्या कृष्णाकाठासारखीच काळी. बस मात्र आमच्यापेक्षा बोलकी. शेजारच्या बाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि माझा थैला मांडीवर घेऊन सोललेले हरभरे माझ्या ओंजळीत टाकले. थैल्यात माझ्या कानशी होत्या. "इतना भारी? लोहा लाए हो क्या?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो.

यशवंत बसअड्ड्यावर उभा होता. डोक्यावर एक केस नाही.

"अरे भिया! तू तर एकदम सफेद होऊन गेलास."

"आणि तू एकदम रिकामा."

"खाली मैदान आहे, पार्किंग फ्री," म्हणत त्याने टकलावर हात फिरवला आणि मला मिठी मारली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तो म्हणाला, "आधी पोहे." आणि मी आयतं निमित्त पकडलं.

माळव्यातले पोहे हा वेगळा पदार्थ आहे हे आमच्याकडे पटत नाही. आपण पोहे फोडणीतून काढतो आणि गरम गरम वाढतो. तिथे पातेलं उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेलं असतं, म्हणून ते सकाळभर मऊ राहतात. वरून शेव, बडीशेप, आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला. सोबत जिलबी. गोड आणि तिखट एकाच घासात खायचं. मी जिलबी शेवटी खायला बाजूला ठेवली तर यशवंत दुकानदाराला म्हणाला, "महाराष्ट्र से आए हैं, माफ करो इनको."

घरी मुग्धाने खुंटीवरून गिटार काढून दिली. यशवंत म्हणाला, "वाजत नाही भिया. शोभेला आहे. अण्णांची म्हणून टांगली."

मी म्हटलं, "मी प्रयत्न करू? जव्हारीचं काम शिकलोय."

"कर," तो म्हणाला. "बिघडून बिघडून आता काय बिघडणार?"

मिरजेहून मी नवं हाड घडवून नेलं होतं. पण अण्णांची घोडी हातात घेतली आणि दिसलं की तिची जाडी अजून पुरेशी आहे. मी त्या वेळी उतार घासला होता, हाड शिल्लक होतं. नवी घोडी बसवणं सोपं होतं. चुकलं असतं तर फेकून दुसरी. यशवंतला दोन्ही दाखवल्या. तो म्हणाला, "अण्णांचीच कर." म्हणजे चुकायला जागा उरली नव्हती.

दुसरा अख्खा दिवस मी त्यांच्या अंगणात बसून होतो. दोन वेळा कानस फिरवायची, घोडी बसवायची, तारा चढवायच्या, ऐकायचं, पुन्हा उतरवायच्या. मुग्धा गाजरं किसता किसता म्हणाली, "काका, कितनी बार खोलोगे? मला तर सगळं सेम ऐकू येतंय." यशवंत पायरीवर बसून शेंगा सोलत होता. दुपारनंतर पाच तारा गुंजल्या, पण खर्जाची तार ठोकळ्यासारखी ठप्प. तिथे मी सर्वांत जास्त घासलं होतं, तरुणपणी, मोठ्या उत्साहाने. कानस ठेवून दिली आणि काचेच्या तुकड्याने खरवडायला लागलो, श्वास रोखून, दुधावरची साय काढावी तसं.

मग दोरा सरकवला, तार चढवली, छेडली.

तिने आवाज केला नाही, उच्चार केला. सबंध अंगण भरलं. कुंपणावरचा होला उडाला. यशवंतच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या आणि तो उठून घरात पळाला. मला वाटलं रडायला गेला. तर तो ती सायकलची नळी घेऊन बाहेर आला. इतकी वर्षं त्याने ती जपून ठेवली होती. जुन्या कपाच्या कानासारखं बोट वाकलेलं त्याचं, संधिवाताने, तरी त्याने नळी तारांवर टेकवली आणि सरळ त्या मधल्या गंधारावर नेऊन उभी केली. जगातल्या साऱ्या ब्लूजवाल्यांच्या रेकॉर्डमध्ये मी जो आवाज शोधत होतो तो शिर्क्यांच्या अंगणात, गाजराच्या किसाशेजारी बसलेला होता. मी ओरडलोच. मुग्धा म्हणाली, "अब सेम नहीं है!"

संध्याकाळी मंडळी जमली. तंबुऱ्याच्या शेजारी गिटार लागली आणि दोघांचे स्वर एकमेकांत असे मिसळले की कुठला कुणाचा ते कळेना. करतालवाले काका प्रत्येक कडव्याला माझ्याकडे बघून "वाह भिया" करत होते. मध्येच यशवंतने हात वर केला. "ऐका. आमच्या शालूजीजीने उन्हात ठेवून जे घालवलं, ते माझ्या या यारने मिरजहून येऊन परत दिलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. आयुष्यात एवढं मोठं यश मला मिळालं नव्हतं, आणि त्या हाराचं एकेक फूल मला ओळखत होतं.

टेकरी

सकाळी यशवंत मला टेकरीवर घेऊन गेला. देवासच्या मधोमध उभ्या या टेकडीवर दोन देव्या आहेत, मोठी माता आणि छोटी माता, दोघी बहिणी. एकीचंच दर्शन घेऊन कुणी खाली उतरत नाही. ते अर्धं धरतात. मोठ्या मातेसमोर हात जोडून आम्ही बाहेर कठड्यावर टेकलो. खाली सगळं गाव, तळं, कारखान्यांची छपरं. मी सांगून टाकलं. कानस, पुस्तक, माडी, सगळं.

यशवंत गावाकडे पाहत होता.

"भिया, घोडी घासलीस ते माफ. पोरपणा होता. पण त्या संध्याकाळी ती रडून राहिली होती आणि तू चहा पीत होतास."

"हो."

"दुसरा कप मागितला होतास."

हे मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता; फक्त आजवर त्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

"मी तिला एक वाक्य बोललो आणि तिने गाणं सोडलं," तो म्हणाला. "धारला तिच्या घरी किती वेळा जेवलो. गाऊन दाखव असं कधी नाही म्हटलं. मला वाटायचं, मी मोठा दिलदार, तिला आठवण करून देत नाही." तो उठला. पँट झटकली. "चल. दुसरी राहिलीय."

मला वाटलं तो छोट्या मातेबद्दल बोलतोय. तिचंही दर्शन झालं. पायऱ्या उतरताना त्याने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "शालूजीजी, जेवायला येऊन राहिलो आम्ही. दोघं. नाही, तीन. तिसरं कोण ते आल्यावर बघ."

धार

इंदूरला बस बदलून धारकडे निघालो. गिटार यशवंतच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेली. कंडक्टर म्हणाला, "बच्चा है तो टिकट लगेगा." यशवंत म्हणाला, "बाप है मेरा." त्यानंतर वाटेत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. पण धार जवळ आलं, लाल दगडाचा किल्ला दिसला, तेव्हा खिडकीची जागा मला दिली. अड्ड्यावर त्याने मांडूची चिंच विकत घेतली, गोरखचिंचेची ती नारळाएवढी मखमली फळं. फोडून मला एक फोड दिली. जीभ आखडली. "सत्य असंच लागतं," तो म्हणाला, आणि देवास सोडल्यापासून पहिल्यांदा हसला.

जीजीचं घर तळ्याजवळ आहे. केस पांढरे, पण उंबऱ्यातून हाक मारण्याची पद्धत तीच. "हा तर आपला मिरजवाला! किती वाळलास रे. बायको जेवायला देते की नुसती गाणी ऐकवते?" तिने चादरीतल्या वस्तूकडे एकदा पाहिलं आणि विचारलं नाही. भावजी, जीजीचे यजमान, शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त. त्यांनी आम्हाला पाटावर बसवलं. ताटात बाफले आले. उकडून मग निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, हाताने कुस्करून त्यावर तुपाची धार आणि वरण. आमच्याकडे तूप चमच्याने वाढतात. तिथे वाढणाऱ्याने थांबायचं नसतं आणि खाणाऱ्याने "पुरे" म्हणायचं नसतं.

जेवता जेवता जीजी दोनदा उठून मागच्या दारात जाऊन आली. तिसऱ्यांदा आतूनच विचारलं, "कुणाचं काही उन्हात राहिलंय का?"

भावजी हसले. "आमच्या घरचं ऊनखातं हिच्याकडे आहे. पाहुणे आले की आधी विचारते. लोणच्याची बरणी, मुलांच्या चपला, शेजाऱ्यांची सायकल, सगळं सावलीत. आम्ही पापडसुद्धा विकतचे आणतो. वाळत घालणं हिला जमतच नाही."

"काही बिघडलं म्हणजे?" जीजी म्हणाली.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. यशवंतने माझ्याकडे पाहिलं नाही. तो पाणी प्यायला.

पुढे काय झालं ते आधी सांगतो, कारण माझ्या या प्रवासाचा विजय तोच. त्या दुपारी जीजी गायली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून, पदराला हात पुसत, अण्णांचं निर्गुण. आवाज चिरलेला, वरचा स्वर हुकलेला, आणि हुकून तो नेमका त्या बोळात जाऊन उभा राहिला, दोन गंधारांच्या मध्ये. तिने अर्धी ओळ सोडली, ती यशवंतच्या नळीने पुरी केली. भावजी म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, ही गाते हे मला कुणी बोललं नाही!" मी टाळी धरली होती. कॅसेटमधल्या त्या आंधळ्या म्हाताऱ्याला मी आयुष्यभर गुरू मानलं. त्या दुपारी मला त्याचा हेवा वाटला नाही. गाणं संपल्यावर जीजीने गिटार स्वतः उचलली, अंगणात नेली आणि उन्हात, तुळशीजवळ, मुद्दाम ठेवली. घटकाभर तशीच राहू दिली. आणि आम्ही सगळे बघत होतो.

पण हे नंतरचं. त्याआधी, ताटं उचलल्यावर, यशवंतने चादर सोडली आणि खर्जाची तार एकदा छेडली. आत भांडी थांबली. जीजी ओल्या हातांनी दारात आली. तिने तो आवाज ओळखला, तोंडावर हात गेला, पण ती पुढे आली नाही. यशवंतने गिटार तिच्याकडे धरली तशी एक पाऊल मागे सरकली. "नको, मी नाही हात लावणार. माझ्या हाताला ते नाही सोसत. तूच ठेव, सावलीत ठेव."

यशवंत मला म्हणाला, "बोल."

मी उठलो, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मिरजेहून येताना जुळवलेली सगळी वाक्यं गेली होती.

"जीजी," मी म्हणालो, "ही उन्हाने गेली नव्हती. तू बाहेर ठेवलीस त्याच्या आदल्या दिवशीच मी अण्णांची जव्हारी कानशीने घासून टाकली होती. तू रडत होतीस तेव्हा मी समोर बसलो होतो, चहा पीत होतो, आणि मला सगळं ठाऊक होतं. तुझ्या हातून काहीच बिघडलं नव्हतं. तुझं गाणं माझ्यामुळे गेलं. माझं चुकलं, जीजी. मला माफ कर."